लाल असताना आत जायचं नाही

कुठली फॅक्टरी ते विचारू नका. जबलपुरात फॅक्टऱ्यांची कमी नाही, आणि आमच्या ह्यांनी सही करून दिली होती की आतलं बाहेर बोलणार नाही. सही ह्यांची होती, माझी नव्हती, म्हणून मी बोलते. पण नाव मात्र सांगायची नाही.

पासष्टची दिवाळी. लढाई थांबून महिना झाला होता, पण फॅक्टरीला ते कोणी कळवलं नसावं. बारा-बारा तासांची पाळी चालूच होती. हे भरण्याच्या शेडमध्ये होते. काय भरत होते ते तुम्हीच समजून घ्या. करंज्या तर नक्कीच नाही. सकाळी उजाडायच्या आत जायचे, दिवेलागण झाल्यावर यायचे, मान खाली घालून जेवायचे आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचे. गणपतीपर्यंत बरे होते हो. हसायचे, भाजीला नावं ठेवायचे, आईची खोडी काढायचे. मग सप्टेंबरात काय झालं कोण जाणे, माणूस घरात असून नसल्यासारखा. मी विचारलं की म्हणायचे, "थकलो आहे." सासूबाई म्हणायच्या, "लढाई आहे बाई, थकणारच." अहो, लढाई तीन आठवड्यांत आटोपली, आणि हा थकवा संपतच नाही म्हणजे काय?

तर मी ठरवलं, लक्ष्मीपूजनाला हा माणूस माझ्या शेजारी पाटावर बसला पाहिजे. नुसता बसलेला नव्हे, पहिल्यासारखा बसलेला. साडी नको होती मला, दागिना नको होता. नवरा घरात हवा होता. आणि लांबून घर बघूनच त्याला आत यावंसं वाटावं म्हणून मी बाहेरून रोषणाई करायचं ठरवलं.

माझ्या भावानं इटारसीहून सोळा बल्बांची झालर आणून दिली होती. बल्ब साधे, बिनरंगाचे. फुहारा बाजारातल्या दुकानात रंगाचे छोटे डबे मिळायचे, त्यात बल्ब बुडवायचा आणि वाळवायचा. एक डबा सोळा बल्बांना पुरायचा, तेव्हा रंग एकच निवडायचा होता. सोपं वाटतं ना? मला तीन दिवस लागले.

निळा म्हटलं तर सासूबाई उखडल्या. "ब्लॅकआउटमध्ये महिनाभर निळ्या उजेडात जेवली मी. भातात मुंगी आहे का जिरं आहे, समजेना. निळा माझ्या डोळ्यांसमोर आणू नको." पिवळा तर बिनरंगाचा बल्बही दिसतोच, त्याला डबा कशाला खर्च करायचा? हिरवा मला आवडला होता. पण शेजारच्या तिवारी भाभींनी धनत्रयोदशीलाच हिरवी झालर लावून टाकली, आणि वर मला खिडकीतून म्हणाल्या, "कुंदा, तुम भी हरा ही ले लो, अच्छा लगेगा." आता कोणती बाई असं ऐकून हिरवा घेईल?

राहिला लाल. सासूबाई म्हणाल्या, "लालच पाहिजे. कुंकवाचा रंग. सवाष्णीच्या दाराला लाल शोभतो."

तरी मी ह्यांना विचारलं. एकदा नाही, तीनदा. एकदा दात घासताना विचारलं, एकदा डबा हातात देताना, एकदा झोपताना भिंतीला विचारलं म्हणा ना. तिन्ही वेळा उत्तर एकच. "कोणताही लाव." हे लक्षात ठेवा. कोणताही लाव असं हे स्वतःच्या तोंडानं म्हणाले होते.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी फॅक्टरी मेहेरबान झाली, पाच वाजता सुट्टी दिली. मुहूर्त साडेसातपर्यंत होता. मी सडा घातला, रांगोळी काढली, चौरंगावर लक्ष्मी मांडली, लाह्या-बत्तासे ठेवले, नाकात नथ घातली. अंधारायला लागलं तशी झालरीचं बटण दाबलं. आहाहा! दारावर, खिडकीवर, तुळशीवर नुसता लालीलाल उजेड. सासूबाईंनी माझी दृष्ट काढली. चार वर्षांत पहिल्यांदा.

सहा वाजता हे आमच्या क्वार्टरांच्या लाइनीच्या तोंडाशी दिसले. मी दारात उभी. मनात म्हटलं, आता बघतील, आता हसतील. ह्यांनी बघितलं. आणि जागच्या जागी थांबले.

मग खिशातून काड्यापेटी काढून दगडावर ठेवली. चपला काढल्या. आमच्या आठ क्वार्टरांच्या समोर पाण्याची सिमेंटची टाकी होती, तिच्या मागे जाऊन हे जमिनीवर बसले.

मला वाटलं पायात काटा गेला. मी हाक मारली, "अहो, या ना!"

टाकीमागून आवाज आला, "लाल आहे."

"मलाही दिसून राहिलं लाल आहे ते! मीच लावलंय! आवडलं का?"

"लाल असताना आत जायचं नाही."

मी टाकीपाशी गेले. हे गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. चेष्टा असेल म्हणून मी हसले. हे हसले नाहीत. शेडच्या दारावर म्हणे दिवा असतो. आत काम चालू असलं की लाल. लाल असताना कोणी दार उघडायचं नाही, साहेब आला तरी नाही; काड्यापेटी नि चपला काढून भिंतीच्या आड बसायचं. "अहो, पण ही शेड नाही, घर आहे!" मी म्हटलं. "आत तुमची आई आहे, लक्ष्मी आहे, अनारसे आहेत!" ह्यांनी मान हलवली. "कळतं मला, कुंदा. पण पाय उचलत नाही."

तेवढ्यात शालिग्राम तिवारी आले. शेजारच्या भाभींचे यजमान, ह्यांच्याच शेडमध्ये कामाला, मिशीवाले, पहिलवान गडी. त्यांनी आमच्या घराकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं, आणि काड्यापेटी काढून दगडावर ठेवली आणि ह्यांच्या शेजारी बसले.

"भैया, तुमचं घर तर हिरवं आहे! तुम्ही जा ना!" मी म्हटलं.

"बगल में लाल है, भाभी."

"मग?"

ह्या 'मग'चं उत्तर द्यायला नीलकंठ पाठक आले. हे ऑफिसात टायपिस्ट. चार नंबरच्या क्वार्टरात राहायचे. जन्मात कधी शेडमध्ये पाऊल ठेवलेलं नाही, पण नियमांचं सर्क्युलर त्यांनी स्वतःच्या बोटांनी टाइप केलं होतं, तेही पाच कार्बन लावून, त्यामुळे त्यांना सगळं तोंडपाठ. चष्मा वर करून म्हणाले, "वहिनी, कलम सात. एका शेडवर लाल असेल तर लगतच्या शेडलाही तोच नियम लागू."

"बरं, मग तिवारींचं एक घर अडलं. बाकीच्यांनी जावं."

"लगतच्या शेडच्या लगतची शेड, तीही लगतचीच." असं म्हणून पाठक स्वतः खाली बसले. रुमाल अंथरून.

अर्ध्या तासात आमच्या लाइनीतले आठच्या आठ पुरुष टाकीमागे. जो येई तो आधी दिवा बघे, मग टाकी बघे, मग काड्यापेटी काढे. दगडावर काड्यापेट्यांचा ढीग. कोणी कोणाला कारण विचारेना. आणि इकडे आठ दारांतून आठ बायका शालू नेसून, हातात निरांजन घेऊन बाहेर आल्या. सगळ्यांचे डोळे माझ्यावर.

"कुंदा," तिवारी भाभी कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "तुमने ऐसा क्या लगा दिया कि हमारे मरद घर नहीं आ रहे?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण म्हटलं चलो, मीच केलं तर मीच निस्तरते. घरात शिरले आणि झालरीच्या बटणाला हात घातला. सासूबाई मधे उभ्या.

"खबरदार! लक्ष्मीपूजनाचा लावलेला दिवा विझवायचा नाही. चालत आलेली लक्ष्मी परत जाते."

"आई, लक्ष्मी राहू द्या, तुमचा मुलगा बाहेर बसला आहे!"

"काहून बसला? त्याला सांग आईनं बोलावलं."

मी सांगितलं. टाकीमागून निरोप आला की आईला नमस्कार सांग. सासूबाई बटणापुढे खुर्ची टाकून बसल्या आणि मांडीवर पोथी उघडली. आता एका बाजूला फॅक्टरीचा नियम, दुसऱ्या बाजूला लक्ष्मीचा नियम, आणि मधे नथ घालून मी.

पाठकांनी दुरून सल्ला दिला, "वहिनी, नुसता लाल विझवूनही भागणार नाही. हिरवा लागला पाहिजे. कलम आठ."

म्हणजे हिरवा हवा. हिरवा कोणाकडे? भाभींकडे. मी घास गिळावा तसा अपमान गिळला आणि भाभींना म्हटलं, घटकाभर तुमची झालर द्या. भाभींनी निरांजन छातीशी धरलं. "आज के दिन घर का उजाला उठाके दे दूँ? सालभर की लक्ष्मी तुम्हारे घर? ना बाबा!" दोन दिवसांपूर्वी 'हरा ही ले लो' म्हणणारी हीच बाई.

मग मला युक्ती सुचली. लग्नातला हिरवा शालू ट्रंकेतून काढला, स्टुलावर चढले आणि लाल झालरीवर पसरला. म्हटलं आता हिरवा उजेड पडेल. कसला हिरवा! दार काळं पडलं, खिडकी काळी पडली, तुळस दिसेनाशी झाली. सगळ्या बायका "हाय हाय" करायला लागल्या. मी स्टुलावरून ओरडले, "पाठक! आता लाल आहे का?"

पाठक उभे राहिले, चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं. "लाल नाही, वहिनी. पण हिरवाही नाही. काळ्या दिव्याबद्दल सर्क्युलरमध्ये काही नाही. काळा ब्लॅकआउटच्या सर्क्युलरमध्ये येतो, तो विभाग वेगळा." आणि खाली बसले.

शालू धुरकटायला लागला तेव्हा मी तो ओढून काढला. सात वाजून गेले होते. स्टुलावरून उतरले आणि तरातरा टाकीमागे गेले. आठ पुरुष ओळीनं बसले होते, मला बघून सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी कोणाची भीड ठेवली नाही.

"दीड महिना," मी ह्यांना म्हटलं, "दीड महिना मी भिंतीशी बोलून राहिले. एक दिवस मागितला तुमच्याकडे. एक संध्याकाळ! तीनदा विचारलं कोणता रंग लावू, तीनदा म्हणालात कोणताही. आता लाल लावला तर चोरासारखे लपून बसलात. घरात यायचं नाहीच आहे तुम्हाला. तसं तोंडानं म्हणा तरी. मी नथ काढून ठेवते."

बोलले ते शालिग्राम भैया. खाली मान घालूनच. "भाभी, रामराव ऐसे ही लाल में अंदर गया था."

रामराव ह्यांचा मित्र. पलीकडच्या लाइनीत राहायचा, ह्यांच्यासोबत नोकरीला लागला होता. सप्टेंबरात फॅक्टरीत अपघात झाला आणि तो गेला, एवढंच आम्हा बायकांना सांगितलं होतं. कसा गेला, कुठे गेला, विचारायचं नाही. त्याची बायको शरयू, तिलाही तेवढंच सांगितलं होतं. मी तिसऱ्या दिवशी भेटायला गेले होते. हे आले नव्हते, पाळी आहे म्हणाले होते.

"ऐसे ही नाही गेला," हे म्हणाले. आवाज इतका हळू की मला खाली बसावं लागलं. "त्याचा चष्मा आत राहिला होता. लाल लागलेला होता. तो दारात थांबला होता, कुंदा. बरोबर थांबला होता. मला म्हणाला, चिंतामणी, लाल आहे रे. त्या दिवशी बाराचे सोळा तास झाले होते आम्हाला. मला घरी यायचं होतं. मी म्हटलं, जा बे, लाल काय, मघापासून तसाच आहे, विझवायचा विसरले असतील. जा आणि लवकर ये."

शालिग्राम भैयांनी ह्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनाही हे ठाऊक नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. पाठकांनी चष्मा काढून हातात धरला.

तुमची चूक नाही असं म्हणायला तोंड उघडलं, पण ते खरं नव्हतं आणि ह्यांना ते पटलं नसतं. सगळीच चूक तुमची असंही नव्हतं. मला रडू आलं, आणि रडताना सगळ्यात वाईट हे वाटलं की दीड महिना हा माणूस एकटा ह्या दिव्यापुढे उभा होता आणि मी त्याला भाजीत मीठ बरोबर आहे का ते विचारत होते.

मागे काठीचा आवाज झाला. सासूबाई कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या ते कळलं नाही. आल्या तशा वळल्या, घरात गेल्या, आणि आमची झालर विझली. सत्तर वर्षांच्या त्या बाईनं लक्ष्मीपूजनाचा लावलेला दिवा स्वतःच्या हातानं विझवला. दारातून म्हणाल्या, "चिंतू, विझवला रे. आत कोणी नाही. मी पण बाहेर येऊन राहिले." आणि खरंच येऊन पायरीखाली उभ्या राहिल्या.

पाठक फक्त पुटपुटले, "विझल्यावर दहा मिनिटं थांबायचं असतं." कलम नाही सांगितलं.

दहा मिनिटं आम्ही सगळे थांबलो. तिवारी भाभी निरांजनावर पदर धरून उभ्या होत्या. मुहूर्त चालला होता, कोणी घाई केली नाही. मग पाठकांनी घड्याळ बघून मान हलवली, आणि एकेक जण उठला, आपापली काड्यापेटी शोधून घराकडे गेला. शालिग्राम भैया गेले. हेही उठले, चपला घातल्या आणि उलट्या बाजूला चालायला लागले.

"अहो! घर इकडे आहे!"

"माहीत आहे," हे म्हणाले. "ये तू पण."

मी तशीच गेले. पलीकडच्या लाइनीत सगळीकडे झालरी होत्या, पोरं फुलबाज्या उडवत होती. एकच क्वार्टर अंधारात होतं. दुखवट्याचं घर, तिथे दिवाळी नव्हती. अंगणात बांधलेल्या ट्रंका होत्या. डिसेंबरात क्वार्टर सोडायचं होतं. दाराला कडी घातलेली नव्हती, नुसतं लोटलेलं होतं.

तिथे ना लाल होता ना हिरवा. हे पायरीपाशी थांबले. मला वाटलं आता परत फिरतील, आणि खरं सांगते, मला तेच हवं होतं. मी त्यांची बाही धरली. म्हटलं, "उद्या या. आज सणाच्या दिवशी नको. ती काय म्हणेल, काय करेल..." ह्यांनी माझा हात हळूच सोडवला.

"वहिनी," हे दाराकडे बघून म्हणाले, "मी चिंतामणी. आत येण्याआधी एक सांगायचं आहे. रामराव..."

एवढं म्हणून ह्यांनी चपला काढल्या.

आतून शरयूचा आवाज आला, साधा, थकलेला. "दीड महिना वाट पाहून राहिले मी, भाऊजी. सगळे येऊन गेले, तुम्हीच काहून नाही आले? जे असेल ते आत येऊन सांगा."

आणि अंधारात तिनं पाट सरकवल्याचा आवाज आला. हे वाकून आत गेले.